मोराखालची खुंटी

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा गाढवे बोलत असत आणि माणसे त्यांचे ऐकूनही घेत असत. लहानांनी पुढे सरकून बसावे. मोठ्यांनी हातातले काम चालू ठेवून ऐकले तरी चालेल.

एका नदीच्या वळणावर एक राज्य होते. राज्य लहान होते, पण माणसे फार स्वच्छ. रोज धुतलेले घालायचे आणि सणाला दोनदा धुतलेले घालायचे, अशी तिथली रीत. त्यामुळे पहाटे नदीकाठी धुण्याचा जो धपधप आवाज सुरू होई तो दुपारीच थांबे, आणि तिथल्या बायकांच्या कमरा तिशीतच कुरकुरू लागत.

हे पाहून गावच्या सुताराने एक यंत्र बनवले. लोक त्याला धुणघाणा म्हणू लागले, कारण ते तेलाच्या घाण्यासारखेच गरगर फिरे. फक्त तिळांच्या जागी धोतरे असत. एक सागवानी पिंप, पिंपात मधोमध उभा कणा, कण्याला चार पाती आणि वर फिरवायचा दांडा. दांडा आणि कणा एका खुंटीने जोडलेले. खुंटी बाभळीची, करंगळीएवढी, बाहेरून दिसेल अशी.

पिंपात कोणी कपडे जास्त कोंबले, की ही खुंटी 'टक' करून मोडे. दांडा मोडत नसे, कणा मोडत नसे, फक्त खुंटी मोडे. मग घरातले कोणीतरी परसातल्या बाभळीची काटकी आणी, कोयत्याने तासून भोकात ठोकी, आणि यंत्र पुन्हा फिरू लागे. इतक्या वेळात चुलीवरचे दूध उतूसुद्धा जात नसे.

एकदा एका बाईने सुताराला अडवले. "काका, वर्षातून दोनदा मोडते मेली. लोखंडाची खुंटी घाला की!"

"घालतो की, वहिनी," सुतार म्हणाला. "मग खुंटी मोडणार नाही, कणा मोडेल. काय मोडू, ते तुम्हीच सांगा."

सुतार ताकाचे भांडे खाली ठेवत म्हणाला, "प्रत्येक वस्तूला कुठंतरी मोडायचंच असतं. कुठं मोडावं ते आपण आधी ठरवून ठेवायचं, म्हणजे रडायची वेळ येत नाही."

हा सुतार यंत्र विकत नसे. त्याचे बलुते होते. दर खंडेनवमीला तो घरोघर जाई, दांडा काढी, कण्याला करंजाचे तेल लावी आणि दांडा परत बसवी. घरची बाई त्याला भांडेभर ताक देई. आणि सुगीला त्या घराकडून पायलीभर धान्य येई. पण रीत अशी होती, की यंत्र चालू असेल तर ताक आणि पायली. बंद असेल तर नुसते ताक. त्यामुळे राज्यातला एकही धुणघाणा बंद नसे. राजवाड्यातला तर एकेचाळीस वर्षे फिरत होता, आणि त्याने दोन राजांची धोतरे पाहिली होती.

पुढे सुतार वारला आणि त्याचा मुलगा गादीवर बसला. मुलगा हुशार होता, हात बापापेक्षाही सफाईचा होता. त्याला दोनच गोष्टींचा कंटाळा होता. एक, लोकांच्या परसातून तेलाची बुधली घेऊन हिंडणे. दुसरी, ताक.

त्याने विचार केला. घरोघर यंत्र आहे, ते मोडत नाही, म्हणजे नवे कोणी मागत नाही. बाप जन्मभर ताक पीत हिंडला तो यामुळेच. मग त्याने चार महिने दार लावून काम केले, आणि पाचव्या महिन्यात तो एक नवे यंत्र घेऊन दरबारात आला.

यंत्र बघणाऱ्याची दृष्ट लागावी असे होते. पेटी चारही बाजूंनी बंद, लाखेने जोडलेली, कुठे फट म्हणून नाही. वर रंगीत लाकडी मोर. दांड्याचे शंभर फेरे झाले, की आतला अडसर सुटून झाकण आपोआप उघडे आणि मोराच्या गळ्यातली घंटा वाजे. पुढच्या बाजूला एक पितळी काटा आणि त्याभोवती बारा खाने : सुती, रेशमी, लोकरीचे, घाईचे, सवडीचे, सणाचे, सुतकाचे, सासरचे, माहेरचे आणि आणखी तीन. काटा कुठल्याही खान्यावर लावला तरी आतला कणा तसाच फिरे, हे सुताराच्या मुलाने सांगितले नाही, आणि कोणी विचारले नाही.

राजाला घंटा फार आवडे. जेवणाचीसुद्धा घंटा तो दोनदा वाजवायला लावी. त्याने स्वतः दांडा फिरवला, शंभरावा फेरा झाला, घंटा वाजली, आणि राजा लहान मुलासारखा टाळ्या पिटू लागला.

दरबाराच्या दाराशी राजवाड्याची म्हातारी परटीण धुण्याचे गाठोडे घेऊन उभी होती. सगळे तिला आजी म्हणत. तिने मान वाकडी करून यंत्राला एक फेरी घातली.

"खुंटी कुठाय रे, लेका?"

"खुंट्या जुन्या काळात, आजी. आता सगळं आत."

"आत म्हणजे कुठं?"

"आत म्हणजे आत."

"आणि मोडली तर?"

सुताराच्या मुलाने एक ताम्रपट पुढे केला. त्यावर कोरले होते : हे यंत्र सात वर्षे मोडणार नाही, असे वचन. राजाने तो मोठ्याने वाचून दाखवला. वचन म्हटले की दरबार संपतो. आजीनेही गाठोडे उचलले.

राजाची आज्ञा निघाली. प्रत्येक घराने जुना धुणघाणा द्यावा आणि नवा मोराचा घ्यावा. जुने सगळे राजवाड्याच्या मुदपाकखान्यात सरपणाला गेले. महिनाभर राजाचा स्वयंपाक सागवानावर झाला. आचारी वैतागले, कारण ते लाकूड लवकर पेटेना आणि पेटल्यावर विझेना.

आजीचे गाढव सरपण वाहून थकले होते. ते म्हणाले, "चांगल्या वस्तूची हीच खोड. जळतानासुद्धा टिकते."

मोर आला तेव्हा परटिणीचे काम काय? राजाने आजीला निरोप दिला. तो मनाने वाईट नव्हता. त्याने विचारले, "आजी, जाताना काय देऊ? शालजोडी देऊ?"

"शालजोडी धुवायचीच मला सवय, महाराज. पांघरून काय करू? राजवाड्याचा तो जुना धुणघाणा जळायचा राहिलाय, तेवढा द्या."

राजा हसला आणि त्याने तो दिला. आजीने तो गाढवाच्या पाठीवर लादला आणि नदीकाठच्या आपल्या झोपडीत नेला.

पहिली मोराची यंत्रे खरोखर सात वर्षे चालली. त्यात खुंटी होती, आतच होती, पण खैराची होती. मग पुन्हा तोच प्रश्न आला : नवे यंत्र कोणी मागेना. तेव्हा सुताराच्या मुलाने पुढच्या यंत्रांत आंब्याच्या लाकडाची खुंटी घातली. ती चार वर्षे चालली. त्यानंतरच्या यंत्रांत त्याने काय घातले ते कोणाला कळले नाही, पण ती दोन वर्षांत बंद पडू लागली, आणि मग एका वर्षात. दरवेळी मोर मात्र अधिक सुंदर होत गेला. शेवटच्या मोराला डोळ्यांच्या जागी काचेचे मणी होते.

यंत्र बंद पडले की ते मोठे विचित्र बंद पडे. दांडा भिंगरीसारखा हलका फिरे. आतले कपडे जागचे हलत नसत. शंभर फेऱ्यांनंतर घंटा मात्र आनंदाने वाजे, कारण तिचा धागा दांड्याला होता. आणि झाकण उघडत नसे, कारण अडसराचा धागा कण्याला होता. म्हणजे धुणे झाल्याची दवंडी पिटली जाई, आणि धुणे आत कैदेत असे. मग करवतीने पेटी कापावी लागे. कण्याभोवती कपडे गुंडाळलेले असत, त्यांच्यावरूनही करवत जाई. कित्येक घरांत धोतरे आत गेली आणि पंचे होऊन बाहेर आली.

तक्रार केली, की सुताराच्या मुलाचा माणूस येई. तो चार दिवसांनी येई, आणि नेमका घरचे पुरुष शेतावर गेलेले असताना येई. यंत्राभोवती एक फेरी मारी, मोराला टिचकी मारी, आणि मान हलवी.

"तुमचं पाणी जड आहे, वहिनी."

"अहो, हेच पाणी माझी आजेसासू जन्मभर प्यायली. शहाण्णव वर्षं चालली ती!"

"त्या जुन्या बनावटीच्या असतील," माणूस गंभीरपणे म्हणे, आणि नव्या यंत्राची मागणी लिहून घेई.

मोडकी यंत्रे गावाबाहेर टाकायचे काम आजीच्या गाढवाला मिळाले. "पूर्वी मी धुणं वाहायचो," ते म्हणे, "आता धुणाऱ्यालाच वाहतो. ओझं वाढलं आणि स्वच्छता कमी झाली, याला प्रगती म्हणतात म्हणे."

गावाबाहेर मोरांचा ढीग वाढत गेला. खरे मोर तिकडे यायचे बंद झाले. आणि बायका एकेक करून, पदराखाली गाठोडे लपवून, नदीकाठी आजीच्या झोपडीशी येऊ लागल्या. राजाज्ञेमुळे उघड येता येत नव्हते. "इकडून चालले होते, म्हटलं डोकवावं," असे प्रत्येक बाई म्हणे. आणि प्रत्येकीचे गाठोडे ओले असे.

असे दिवस चालले असताना राजकन्येचे लग्न ठरले. मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा, सकाळचा, पहिला प्रहर संपतानाचा.

आता त्या राजघराण्यात एक रीत होती. वधूने बोहल्यावर जाताना पिवळी अष्टपुत्री नेसायची. आणि ती नवी नव्हे. घराण्यात एकच अष्टपुत्री होती, सुती, नऊवारी, सहा पिढ्यांतल्या वधूंनी नेसलेली. लग्नाच्या दिवशी पहाटे ती घरातच धुवायची, आणि घरच्याच माणसांनी तिला हात लावायचा. राजकन्येची आई ती नेसून या घरात उभी राहिली होती, आणि राजकन्या पाच वर्षांची असताना आई गेली होती. ती अष्टपुत्री म्हणजे राजकन्येला आईची राहिलेली एकुलती खूण. तिचा काठ ती लहानपणी बोटाला गुंडाळून झोपत असे.

लग्नाच्या पहाटे राजकन्येने स्वतः अष्टपुत्री अंगणातल्या यंत्रात ठेवली आणि ती हळदीला मांडवात गेली; दांडा दासींनी धरला. यंत्र राजवाड्याचे, म्हणून खास. मोराची चोच सोन्याची. काटा 'माहेरचे' या खान्यावर लावला. इतक्यात राजा दात घासत तिथे आला.

"एवढं थोरलं यंत्र एका लुगड्यासाठी फिरवायचं?" तो म्हणाला. "पाणी फुकट जातंय. माझी गोधडीही टाका."

दासींनी एकमेकींकडे पाहिले. पण राजाची गोधडी, तिला नाही कोण म्हणणार? गोधडी आत गेली. झाकण बसले. दांडा फिरू लागला तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. गोधडीने पाणी पिऊन पिऊन म्हशीएवढे अंग धरले. सदतिसाव्या फेऱ्याला आतून बारीकसा 'टक' झाला, आणि दांडा एकाएकी हलका झाला.

शंभर फेरे झाले. घंटा वाजली. राजाने टाळ्या पिटल्या. झाकण उघडले नाही.

आणखी शंभर फेरे झाले. घंटा पुन्हा वाजली. या वेळी राजाने टाळ्या पिटल्या नाहीत.

सुताराच्या मुलाला बोलावणे गेले. तोपर्यंत सूर्य कासराभर वर आला होता. त्याने यंत्राभोवती एक फेरी मारली. सवयीने तो म्हणाला, "महाराज, पाणी जरा जड..."

"वचन!" राजा ओरडला. "वचनाचा ताम्रपट आणा!"

ताम्रपट आणला. त्यावर आता सात वर्षे नव्हती. लिहिले होते : हे यंत्र एका अक्षय्य तृतीयेपासून दुसऱ्या अक्षय्य तृतीयेच्या सूर्योदयापर्यंत मोडणार नाही, असे वचन.

राजाने आकाशात पाहिले. सूर्य उगवून तीन घटका झाल्या होत्या.

"वचन पाळलं गेलंय, महाराज," सुताराचा मुलगा हळूच म्हणाला.

प्रधानाने करवत मागवली. तेव्हा हळद लागलेली राजकन्या मांडवातून धावत आली आणि यंत्राला पाठ लावून उभी राहिली.

"करवत लावायची नाही! अख्ख्या गावाची धोतरं कशी बाहेर आलीत, मला माहीत आहे."

"अगं बाळ, वऱ्हाड वेशीपर्यंत आलंय. दुसरं नेस. शंभर शालू आहेत."

"शंभर शालू आहेत, बाबा. आई एकच होती."

राजा खाली बसला. तो म्हणाला, "गोधडी मी टाकायला लावली." हे त्याला कोणी विचारले नव्हते.

राजकन्या म्हणाली, "आजीला बोलवा."

"तिला कुठल्या तोंडानं बोलावू? मीच घालवलं तिला."

"तोंड धुतलेलं आहे ना? मग त्याच तोंडानं," राजकन्या म्हणाली आणि तिने स्वतःच माणूस पाठवला.

आजी आली. गाढवही आले. राजा उठून उभा राहिला आणि काहीतरी बोलू लागला, पण आजीने हात वर केला. "ते मागाहून, महाराज. माफीला मुहूर्त लागत नाही, लग्नाला लागतो." मग तिने राजकन्येच्या गालावरची हळद बोटाने सारखी केली. "रडू नको, बाय. तुझी बाळोती धुतलीत मी. त्या मानानं हे काम स्वच्छ आहे."

तिने दांडा फिरवून पाहिला. पेटीला कान लावला. वाकून चारही बाजू न्याहाळल्या. मग तिची नजर सुताराच्या मुलावर गेली. सगळे यंत्रापासून दूर उभे होते; तो एकटा जवळ उभा होता, आणि त्याचा पंजा मोराच्या पाठीवर होता.

"लेका, मोर उडून जाणारे का?"

"नाही, आजी."

"मग असा धरून का उभा आहेस?"

सुताराच्या मुलाने हात काढला आणि परत ठेवला. "त्याला हात लावू नका, आजी. मोर लाखेनं बसवलाय. रंग जाईल. आणि ते उघडण्यासाठी केलेलंच नाही."

"मोर धुणं धुतो का?"

"नाही."

"मग रंग गेला तर धुण्याचं काय अडतं?" आजी दासींकडे वळली. "नवरीच्या न्हाणाचं पाणी कुठाय? उकळतं असेल तर आणा."

तांब्याचा हंडा आला. आजीने तांब्या तांब्या उकळते पाणी मोराच्या पायाशी ओतले. निळा रंग ओघळला, हिरवा ओघळला, काचेचा एक डोळा गळून पडला. सातव्या तांब्याला लाख मऊ झाली. आजीने स्वयंपाकघरातले उलथने फटीत सारले आणि थालीपीठ उलटावे तसा मोर उलटला.

मोराखाली खुंटी होती. दोन तुकडे झालेली.

आजीने एक तुकडा उचलला आणि दोन बोटांत दाबला. तो पिचला. तिने त्याचा वास घेतला.

"शेवगा!" ती म्हणाली. "अरे, ह्याच्या शेंगा आमटीत घालतात. खुंटी कोण करतं ह्याची?"

अंगणात शंभर माणसे होती, पण कोणी हसले नाही. ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढे आपापले धोतर उभे राहिले होते.

सुताराच्या मुलाचा चेहरा पडला. पण तो एकदम म्हणाला, "माझ्या बापानं नव्हती का मोडणारी खुंटी घातली? त्यानंही मुद्दामच घातली! मी काय निराळं केलं?"

आजीने पिचलेला तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. मग शांतपणे म्हणाली, "तुझ्या बापानं खुंटी तिथं घातली, जिथं आमचा हात पोचेल. तू तिथं घातलीस, जिथं आमची नजरही पोचू नये. लाकूड राहू दे, लेका. एवढाच फरक."



"आता बाभळीची काटकी हवी," आजी म्हणाली. "करंगळीएवढी. लवकर."

धावाधाव झाली. राजवाड्याच्या बागेत चाफा होता, बकुळ होती, परदेशातून आणलेली झाडे होती, बाभूळ नव्हती. बाभूळ राजाच्या बागेला शोभत नाही म्हणून सात वर्षांपूर्वीच काढली होती. तेवढ्यात गाढव राजाकडे टक लावून बघत म्हणाले, "महाराजांच्या कानावर काय आहे?"

राजाने कानाला हात लावला. सकाळी दात घासता घासता गडबडीत कानावर खोचलेले बाभळीचे दातवण तिथेच होते. एका टोकाला चावलेले, दुसऱ्या टोकाला ताजे.

आजीने त्याचे चावलेले टोक विळीवर छाटले, उरलेले भोकात बसवले आणि खलबत्त्यातल्या बत्त्याने दोन ठोके दिले. "आता उलटा फिरव," तिने सुताराच्या मुलाला सांगितले. "हलक्या हातानं. बापाचा हात आठव आणि फिरव."

त्याने दांडा धरला. कणा फिरला. तीन फेरे, सात, अकरा. गोधडीने हळूहळू मिठी सोडली. मग त्याने तो सुलटा फिरवत फेरे पुरे केले. अडसर सुटला, झाकण उघडले, आणि घंटा वाजली. त्या दिवशी ती पहिल्यांदा खरे बोलली.

अष्टपुत्री अखंड होती. राजकन्येने तिचा काठ बोटाला गुंडाळला आणि कोणाला दिसू नये म्हणून तोंड फिरवले.

पण अष्टपुत्री ओलीचिंब होती, आणि मुहूर्ताला दीड घटका उरली होती. राजवाड्याच्या अंगणाला चहूबाजूंनी उंच भिंती, वर मांडवाचे छत. वाऱ्याची झुळूक नाही.

"वारा इथं येत नसेल तर आपण त्याच्याकडं जायचं," आजी म्हणाली. "श्रावणात घाईचं धुणं आम्ही असंच वाळवायचो. एक टोक गाढवाला बांधायचं, दुसरं माणसानं धरायचं, आणि पळायचं. पण घरच्याच माणसानं हात लावायचा ना? मग धरणार कोण?"

नवरीला हळद लागलेली. ती राजवाड्याबाहेर पाऊल टाकू शकत नव्हती. घरचे म्हणून उरला एकच माणूस. सगळ्यांनी राजाकडे पाहिले.

"आणि गाढव?" प्रधानाने शंका काढली. "ते कुठं घरचं आहे?"

"बावीस वर्षं या घरचं धुणं वाहिलंय," गाढव म्हणाले. "प्रधानजी, तुम्हाला येऊन किती वर्षं झाली?"

प्रधानाला येऊन नऊ वर्षे झाली होती. तो मागे सरला.

मग त्या राज्याने जे पाहिले ते पूर्वी कोणी पाहिले नव्हते. पुढे गाढव, त्याच्या गळ्याला बांधलेले एक टोक, मध्ये नऊ वार पिवळी अष्टपुत्री पताकेसारखी फडफडणारी, आणि मागे दोन्ही हातांनी दुसरे टोक उंच धरून, धोतराचा काचा मारून धावणारा राजा. राजवाड्याच्या दारातून निघाले ते बाजारपेठेतून, नदीकाठाने, गावाबाहेरच्या मोरांच्या ढिगाला वळसा घालून. वैशाखाचे ऊन वरून आणि वारा समोरून. लोक घराबाहेर आले. पोरे मागे धावू लागली. वाजंत्र्यांना वाटले मिरवणूक निघाली. त्यांनी सनई धरली.

"जरा हळू!" राजा धापा टाकत म्हणाला.

"पाणी जड आहे, महाराज," गाढव म्हणाले. "पळाल्याशिवाय निघायचं नाही."

वेशीत वऱ्हाड उभे होते. वराची आई मोठी मानी बाई. तिने पालखीचा पडदा बाजूला सारला आणि डोळे विस्फारले. "अगंबाई! व्याही गाढवामागं का धावतायत?"

तिच्या पालखीशेजारी गावातली एक बाई उभी होती, तीच जिची आजेसासू शहाण्णव वर्षे चालली होती. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "रीत आहे आमची, विहीणबाई. लेकीच्या लग्नात बाप स्वतः धुणं वाळवतो."

विहीणबाईंनी पडदा सोडला. आतून आवाज आला, "बघा, शिका जरा." पालखीत त्यांचे यजमान बसले होते.

मुहूर्ताला पाव घटका असताना अष्टपुत्री कोरडी ठणठणीत मांडवात आली. राजकन्या ती नेसून बोहल्यावर उभी राहिली. अक्षता पडल्या. राजा दमला होता, घामाने भिजला होता, आणि मंगलाष्टके चालू असताना रडत होता. पण तो घाम आहे असे त्याने सर्वांना सांगितले. पंक्तीच्या वेळी तो स्वतः पान घेऊन आजीपुढे आला. "आता मागाहून झालं, आजी," तो म्हणाला. "चुकलं माझं." आजीने पानाकडे पाहिले. "मठ्ठा राहिला वाढायचा," ती म्हणाली, आणि तेवढ्यावर ते मिटले.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. लोकांना वाटले सुताराच्या मुलाला आता हद्दपार करणार. राजाने आजीला विचारले.

"हद्दपार कशाला? हात चांगला आहे त्याचा," आजी म्हणाली. "बापाची रीत परत लावा, म्हणजे झालं. चालू असेल तर पायली, बंद असेल तर नुसतं ताक."

तशी आज्ञा झाली. आणि त्या खंडेनवमीला सुताराचा मुलगा तेलाची बुधली घेऊन घरोघर निघाला. राज्यात तीनशे बारा घरे होती. त्यांपैकी दोनशे अठ्ठ्याण्णव घरांतली यंत्रे बंद होती. दोनशे अठ्ठ्याण्णव घरांनी त्याला आदराने पाटावर बसवले, आणि भांडेभर ताक दिले. तो तीन दिवस हिंडला. चौथ्या दिवशी त्याला बोलता येईना, इतका घसा बसला.

पाचव्या दिवशी तो आजीच्या झोपडीशी आला, तिचा जुना धुणघाणा उघडून बापाचे काम कितीतरी वेळ बघत बसला, आणि मग कामाला लागला. पुढच्या खंडेनवमीपर्यंत राज्यातल्या प्रत्येक यंत्राची खुंटी बाहेर आली होती. बाभळीची, करंगळीएवढी. पितळी काटे त्याने काढून टाकले. खान्यांचे पितळ वितळवून त्याच्या समया केल्या. सुगीला त्याच्या दारात धान्याच्या राशी लागल्या, आणि ताक तो आता मागून घेऊ लागला.

एकदा त्याने आजीला विचारले, "मोर काढून टाकू का?"

"राहू दे की. छान आहे," आजी म्हणाली. "फक्त त्याच्याखाली काही ठेवू नको."

त्या राज्यात अजूनही लग्नाच्या दिवशी नवरीची अष्टपुत्री गाढवाला बांधून गावभर पळवतात, आणि दुसरे टोक बाप धरतो. राजाच्या बागेत ऐन दाराशी एक बाभूळ लावलेली आहे. आणि धुणघाणा सुरू करण्याआधी घरातला वडीलधारा माणूस एकच प्रश्न विचारतो, "आत कुणाची गोधडी तर नाही ना?"

तात्पर्य : वस्तू मोडली म्हणून कारागीर वाईट ठरत नाही, मोडलेले जो जागच्या जागी दुरुस्त करू देत नाही, तो वाईट ठरतो.